फाइलच्या जागी उभी असलेली पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. अक्षरं गिरवायची ती नव्हे आणि दारावर नाव मिरवणारीही नव्हे. दिवाणी कोर्टाच्या तळघरात, निकाल लागलेल्या दाव्यांच्या फायली जिथे ठेवतात त्या रेकॉर्डरूममधली मी पाटी. तुम्हाला मित्रांनो म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. एरवी माझी माणसांशी मैत्री नाही. ती का नाही, ते आता गुपचूप बसून ऐका.

माझा जन्मच मुळी वाईट जागी झाला. आधी मी साक्षीदाराच्या पिंजऱ्याची वरची फळी होते. ज्याला त्याला शपथ घेताना एक हात माझ्यावर टेकवायची सवय. शपथ घेऊन झाली की तोच हात घामाने चिकट व्हायचा, आणि त्यावरूनच मला कळायचं की स्वारी आता थापा मारणार. मित्रांनो, खोटं बोलणाऱ्यांचा इतका घाम मी प्यायले आहे की पॉलिश लावायची वेळच आली नाही. पुढे एका साक्षीदाराने रागाच्या भरात माझ्यावर बुक्की मारली आणि मी मधोमध चिरले. सुताराने मला काढलं, कापलं, रंधा मारला आणि माझ्या पाट्या केल्या. माझ्या बाकीच्या बहिणी कुठे गेल्या, देव जाणे.

आता माझं काम सांगते. ते एवढं सोपं आहे की शेंबड्या पोरालाही कळेल. फक्त मोठ्या माणसांना कळत नाही. रॅकमधून एखादी फाइल बाहेर गेली की तिच्या रिकाम्या जागेत मला उभं करायचं. माझ्यावर चिठ्ठी चिकटवायची, की अमक्या नंबरच्या दाव्याची फाइल तमक्या कोर्टात गेली आहे. फाइल परत आली की तिला जागेवर ठेवायचं आणि मला काढायचं. झालं! यात काही डोकं चालवायचं आहे का?

सुरुवातीला रेकॉर्डरूम एका बाईंच्या ताब्यात होती. बाई खमक्या होत्या. फाइल परत आली की आधी पाटी हातात घ्यायच्या, मग फाइल ठेवायच्या. घरी फडताळातला डबा काढला तरी तिथे पाटी ठेवत असतील, अशी थट्टा वकील करायचे. तपासणीला आलेल्या मोठ्या न्यायाधीशांनी एकदा मला उचलून पाहिलं आणि म्हणाले, "वा, किती साधी पद्धत!" माझं कौतुक म्हणाल तर तेवढंच. बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीत उद्यासाहेब आले.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. वकिलांनी पाडलेलं नाव. खिडकीवर कुणीही आलं, की मान वर न करता ते म्हणायचे, "उद्या या." उद्या आलेल्या माणसालाही तेच. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि पुढे त्याने जे केलं त्यावरून माझं काही चुकलं नव्हतं, हे दिसलंच.

बाईंच्या काळातच एक फाइल वरच्या मजल्यावरच्या कोर्टात अपिलासाठी गेली होती. दावा होता एका घराच्या मागच्या दोन खोल्यांचा. एका विधवा बाईवर तिच्या दिराने तो लावला होता. खोल्या विधवेच्याच, असा खाली निकाल लागला. दीर अपिलात गेला. फाइल वर गेली, तिच्या जागी मी उभी राहिले. वरही दीर हरला. मग ती फाइल अपिलाच्या कागदांसकट एकाच लाल कापडात बांधून खाली आली. तोवर खुर्चीत उद्यासाहेब बसले होते. त्यांनी गठ्ठ्यावरचा नंबर वाचला. वरती होता अपिलाचा नंबर. झालं, स्वारीने गठ्ठा उचलून अपिलांच्या रॅकमध्ये कोंबला. आतली फाइल आपल्याच रॅकमधून गेली होती, तिची पाटी अजून उभी आहे, हे बघायला मान वर करावी लागली असती ना!

आणि अपिलांचा रॅक कुठे? माझ्या बरोबर समोर. मधे एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी बोळ. फाइल माझ्या तोंडासमोर, शाईचा डाग पडलेला तिचा कोपरा कापडातून बाहेर आलेला, आणि मी तिच्या जागी उभी राहून सांगतेय की ती इथे नाही. वर्षानुवर्षं! सांगा, संतापाने माझं लाकूड तडकेल की नाही?

पुढे तो दीर वारला आणि त्याच्या मुलाने नवा दावा ठोकला. म्हणे खोल्या माझ्या वडिलांच्या, काकूला बाहेर काढा. काकू आता म्हातारी झाली होती. त्या दोन खोल्यांतल्याच एकीत तिची सून शिवणकाम करायची, त्यावर घर चालायचं. खोल्या गेल्या तर मशीनसकट दोघी रस्त्यावर. वाचवू शकत होता फक्त तो जुना निकाल, आणि त्यांच्याकडची नक्कल ट्रंकेत भिजून लगदा झाली होती. त्यांचा लेखी जबाब फायलिंगच्या, म्हणजे कागद दाखल करायच्या खिडकीवरूनच परत आला. तिथला कारकून म्हणाला, जुन्या निकालाचा आधार घेता, मग त्याची नक्कल जोडा. म्हणून दोघी आमच्या खिडकीवर आल्या.

उद्यासाहेब उठले, माझ्याकडे एक नजर टाकली आणि परत जाऊन बसले. "फाइल बाहेर आहे. पाटी आहे तिथे. वर विचारा."

वर विचारलं. वरचा कारकून म्हणाला, आम्ही केव्हाच खाली पाठवली, ही बघा तुमच्याच माणसाची सही. दोघी पुन्हा खाली आल्या.

"पाटी आहे म्हणजे फाइल बाहेर आहे," उद्यासाहेब म्हणाले. "नियम आहे."

"अहो, पण वरचे म्हणतात..."

"मग वरच्यांना सांगा. उद्या या."

सुनेचा स्वभाव गरीब. तिने मान खाली घातली. म्हातारी मात्र तिच्यावरच उखडली. "अगं, मुखदुर्बळ कुठली! तोंडात मिठाची गुळणी धरून आलीस का? दोन्ही जिने चढून माझ्या गुडघ्यांची वाट लागली, आणि तू आपली जी साहेब, जी साहेब!" सून डोळे पुसत म्हणाली, "आई, ते नियम म्हणतायत." म्हातारी म्हणाली, "नियमाला काय खोल्यांत राहायचंय?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. अरे मेल्या, समोर बघ! तो शाईचा डाग बघ! पण लाकडाला कोण विचारतं? दोघी येत राहिल्या. तो माझ्याकडे बोट दाखवत राहिला. त्या पोरीच्या डोळ्यांत मीच वैरीण झाले होते, आणि याची चीड मला आजही आहे.

शेवटी नवा दावा चालवणाऱ्या न्यायाधीशबाईंनी अखेरची तारीख दिली. त्या दिवशी नक्कल आली नाही, तर जुन्या निकालाचा आधार धरला जाणार नव्हता. सकाळीच म्हातारी खिडकीवर हजर. सून मागे उभी, रात्रभर रडून डोळे सुजलेले.

"आजी, किती वेळा सांगू? पाटी आहे!" उद्यासाहेब ओरडले.

"कसली मेली पाटी पाटी करतोस रे? मला दाखव तरी!"

त्यांनाही चेव आला. तरातरा येऊन त्यांनी मला रॅकमधून उपसलं आणि खिडकीच्या गजांपुढे नाचवलं. "ही बघा! झालं समाधान?"

म्हातारीचा हात गजांतून आत आला. काय सांगू तुम्हाला, एवढ्या साक्षीदारांचे हात मी पाहिले, पण असा कोरडा, घट्ट हात कधी लागला नव्हता. तिने मला हिसकलं, बाहेर ओढलं आणि पदराखाली घातलं. उद्यासाहेब दार उघडून बाहेर येईपर्यंत ती जिना चढायला लागली होती. त्या दिवशी तिचे गुडघे कुठे गेले होते, कोण जाणे.

कोर्टात पुकारा झाला. पुतण्याच्या वकिलाने नेहमीचं तुणतुणं वाजवलं, की प्रतिवादींकडे पुरावाच नाही. म्हातारी पुढे झाली आणि तिने मला टेबलावर ठेवलं.

"बाईसाहेब, तुमच्या कोर्टाने माझ्या फायलीच्या जागी हे लाकूड ठेवलंय. आता फाइल मागितली की मला हेच दाखवतात. तर मग हेच दाखल करून घ्या."

सगळे हसले. वकिलाने हरकत घेतली, की फळकूट हा पुरावा होऊ शकत नाही. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला उचललं, माझ्यावरची फाटकी चिठ्ठी वाचली आणि वरच्या कोर्टातल्या कारकुनाला बोलावलं. त्याने उद्यासाहेबांची सही दाखवली. मग उद्यासाहेबांना बोलावणं गेलं.

"फाइल तुम्ही घेतलीत. मग ती कुठे आहे?"

"पाटी होती ना, मॅडम..."

"मी पाटी विचारली नाही. जेवणाच्या सुटीनंतर फाइल माझ्या टेबलावर हवी. नाही मिळाली, तर त्या पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगा, तुम्ही ती कुठे कुठे शोधलीत."

माझ्या जुन्या पिंजऱ्याकडे बघून उद्यासाहेबांचा चेहरा पडला. माझ्या जागी आता तिथे नवी फळी होती, आणि मला वाटलं, हिला आज बराच घाम प्यावा लागणार. पण ती वाचली. सुटी संपायच्या आत साहेब धुळीने माखून, शिंकत आले. हातात लाल कापडाचा गठ्ठा, आणि कोपऱ्यावर शाईचा डाग. कुठे सापडली, हे मला विचारायची गरज नव्हती.

खोल्या राहिल्या. निकालाच्या दिवशी म्हातारीने तिथेच सुनेच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "आता रडतेस कशाला, बावळटे? घरी जाऊन शिव." मग स्वतःच पदराने डोळे पुसत बसली.

मला मात्र कुणी सोडलं नाही. मी दाखल झाले होते ना! मला पुराव्याचा निशाणी क्रमांक पडला. जुनी फाइल, अपिलाचे कागद, नवा दावा आणि मी, असं सगळं एकाच कापडात आवळून आम्हाला तळघरात धाडलं. मी कागदांपेक्षा लांब, म्हणून माझं टोक बाहेर राहिलं. तिथून मी जे पाहिलं ते ऐका. उद्यासाहेबांनी वरचा, म्हणजे नव्या दाव्याचा नंबर वाचला आणि आम्हाला नव्या दाव्यांच्या रॅकमध्ये कोंबलं. आणि माझ्या जुन्या जागी? तिथे एक नवी प्लॅस्टिकची पाटी उभी होती. फाइल वर नेताना त्यांनीच लावलेली. तिला काढलं का? छे! मान वर केली असती तर ना!

पुढे म्हातारी गेली. मला ते कळलं, कारण सून एकटीच खिडकीवर आली. खोल्या आपल्या नावावर करायला तिला तोच जुना निकाल हवा होता. तिने जुना नंबर सांगितला. उद्यासाहेब अर्धवट उठले, एक नजर टाकली, आणि बसले.

"फाइल बाहेर आहे. पाटी आहे."

माझा जीव कासावीस झाला. आता ही मान खाली घालणार, जिने चढणार, उतरणार. पण सुनेने मान खाली घातली नाही. तिने पदर खोचला, गजांतून हात आत घातला आणि म्हणाली,

"ती पाटी जरा बघू."

मित्रांनो, उद्यासाहेबांना इतक्या चपळाईने उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. "बसा, बसा ताई, मी बघतो," असं म्हणत त्यांनी एकेक रॅक उपसायला घेतला. ती बसली नाही, आणि गठ्ठा समोर येईपर्यंत तिने हातही मागे घेतला नाही.

मला पुसा, तेल लावा, असलं काही मी मागणार नाही. तुमचे लाड तुमच्यापाशी ठेवा. एवढंच सांगते, वस्तू परत आली की आधी तिच्या जागी उभी असलेली पाटी काढा. कंटाळा करू नका. तिकडे खिडकीबाहेर कुणाचं तरी घर उभं असतं, आणि ते माणूस तुमच्या बोटाकडे बघत असतं.