पंचाची गादी

डफावरची थाप विरली, तुणतुण्याची तार थरथरून स्थिर झाली, तरी कोणी ‘जी जी’ म्हणून झील धरली नाही. औरादच्या बाजारतळावर दाटलेला जनसमुदाय वारा पडलेल्या ज्वारीच्या रानासारखा निश्चल झाला होता. तुरेवाल्या हरिबाने टाकलेला सवाल कलगीवाल्या हावगेप्पाच्या पुढ्यात निखाऱ्यासारखा पडला होता.

‘शेजाऱ्याच्या दारी दिवाळी, कवडसा आमच्या कुडावर;
एक आई, एकच माती, काळोख का या उंबऱ्यावर?
सांग रे कलगीवाल्या, किल्ली कुणाच्या कमरेवर?’

कोडे कुणालाच अवघड नव्हते. ऑगस्टात शेजारच्या मुलखातून परका अंमल उठला होता. इथे निजामाच्या राज्यात खिशात तिरंगा सापडला तरी माणूस बिदरच्या तुरुंगात जात होता. अवघड होते ते उत्तर उच्चारणे. समोर, पंचाच्या गादीवर, ठाण्याचा अंमलदार, पोलीस अमीन, बसला होता आणि त्याच्या कमरेला कोठडीच्या किल्ल्यांचा झुबका लोंबत होता. फड सुरू होण्याआधी त्यानेच म्हाताऱ्या उद्धवरावांना, नेहमीच्या पंचांना, त्या गादीवरून उठवले होते. “बुड्ढे, तिकडं सरक,” एवढेच तो म्हणाला होता, आणि बुटांसकट मऊ गादीवर रेलला होता.

आता तो हावगेप्पाकडे पाहून हसला. “क्या हुआ, शायर? असा जवाब दे की तुरेवाल्याची बोलती बंद. सरकार खूश होईल.”

हावगेप्पाने डफ छातीशी धरला. कलगीवाल्याला उत्तर देता आले नाही, तर डफावरची कलगी सोडून तुरेवाल्याच्या हाती द्यायची, हा फडाचा दंड. ही कलगी त्याच्या गुरूंची, सिद्धलिंगप्पांची होती. शेवटच्या आजारात त्यांनी ती स्वतःच्या हातांनी त्याच्या डफाला बांधली होती. खरे उत्तर दिले तर बेड्या होत्या. अमिनाला हवे तसे दिले तर सवालच बंडाचा ठरून बेड्या हरिबाच्या हातात पडणार, आणि गुरूच्या कलगीखालून पहिल्यांदा खोटे निघणार.

“हावगेप्पा अण्णा, कामून गप बसलाव?” शेंगावाली नागूबाई मागून ओरडली. “माज्या शेंगा संपायल्या की!”

हसू पिकले आणि लगेच मावळले. हावगेप्पाची बोटे कलगीच्या गाठीकडे गेली. समोर हरिबा उभा होता. फडात जन्माचा वैरी आणि फड उठला की एकाच भाकरीचा वाटेकरी. त्याच्या डोळ्यांत विजय नव्हता, विनवणीही नव्हती.

मग हावगेप्पाने माणसांकडे पाहिले. उन्हे कलली होती, कमलनगरच्या वाटेवर गाड्या जुंपायची वेळ झाली होती, तरी एकही माणूस उठला नव्हता. सवाल सुटल्याशिवाय फड उठत नाही, हा रिवाज ते पाळत होते. टाळी वाजवणाऱ्याला पकडता येते. बसून राहणाऱ्याला कोणत्या कलमाखाली पकडणार?

आणि त्या बसलेल्यांत, मातीवर मांडी घालून, उद्धवराव होते. हावगेप्पाची नजर त्यांच्यावरून गादीकडे गेली. गाठीवरची बोटे थांबली.

“उद्धवअप्पा,” तो मोठ्याने म्हणाला, “कलगीवाला अडला तर रिवाज काय हाय?”

“कलगी सोडायची.”

“आन् सोडायच्या आदी?”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड चढला. “आदी सवाल गादीफुडं ठिवायचा. गादीवरल्यानं उत्तर सांगायचं. त्यासाठीच त्याला बसवत्यात.”

“आन् त्येनं न्हाई सांगितलं तर?”

“तर तो गादीचा न्हाई. सवाल टाकणाऱ्याची जीत, आन् कलगी जागच्या जागी.”

हावगेप्पाने डफ उचलला. तुऱ्याचा सवाल कलगीच्या चालीत औरादने कधी ऐकला नव्हता. तो त्याने ऐकवला, आणि शेवटची ओळ फिरवली:

‘सांगा गादीवरल्या राया, किल्ली कुणाच्या कमरेवर?’

“जी जी रं जी!”

आधी हरिबाने झील धरली, मग दोन्ही बाजूंच्या साथीदारांनी, मग साऱ्या बाजारतळाने. अमिनाचा हात नकळत स्वतःच्या कमरेकडे गेला. ते सर्वांनी पाहिले, आणि सर्वांनी पाहिले हे त्यानेही पाहिले.

“ये गाना है या बगावत?”

“सवाल हाय, सायेब,” हावगेप्पा अदबीने म्हणाला. “गादीवर तुमी हाव. उत्तर तुमीच सांगायचं.”

“सांगा की सायेब!” नागूबाई ओरडली. “आमाला घरला जायचंय!”

उद्या दारात शिपाई उभे राहतील, हे हावगेप्पाला ठाऊक होते. आज मात्र त्याची बोटे गाठीवरून निघून डफावर विसावली होती, आणि हरिबा त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

अमीन उठला. लोकांनी बसल्या जागी सरकून त्याला वाट करून दिली. किल्ल्या खुळखुळवत, कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता, तो चावडीच्या दिशेने चालू लागला.