पाठीमागून हाक नाही

"अगं ए चिमणे! कानात बोळे घातलेस का?"

ही चौथी हाक. बाहेरच्या खोलीत चिमणी स्वयंपाकघराकडे पाठ करून वहीवर वाकली होती. पहिल्या हाकेला तिचे पेन थांबले होते, दुसरीला खांदे आवळले होते. आता तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

आई हात पुसत बाहेर आली. "ताट वाढलंय म्हटलं. एवढंच!"

"मग एवढं ओरडतेस कशाला? वरच्या मजल्यावरचेही जेवायला बसले असतील."

"ओरडले कुठे? बोलतेय!"

"हे बोलणं? आई, तुझं साधं 'ये'सुद्धा मुस्कटात मारल्यासारखं लागतं." चिमणीने वही मिटली. तेरा वर्षांची पोर, पण हनुवटी आजीची. "मी मावशीशी बोललेय. यापुढे तिच्याकडे राहूनच शिकेन. रविवारी न्यायला येतेय ती."

आईला हळूच म्हणायचे होते, जाऊ नकोस. वडील गेल्यापासून घरात दोघीच तर होत्या.

"जा की मग!" भिंतीवरचे घड्याळ हादरेल अशा आवाजात ती म्हणाली.

खूण : दोन बोटांचा पीळ

म्हणजे धागा तुटला.

आई एकवीस वर्षे कापड कारखान्यात यंत्रमागावर काम करत होती. एकशेवीस माग एका छपराखाली धडधडत. तिथे शेजारणीच्या कानात ओरडले तरी पोचत नसे. म्हणून बायका हातांनी बोलत. मूठ म्हणजे माग बंद कर. पंजा हळूहळू खाली आणला की वेग कमी कर. नाकावर बोट म्हणजे मुकादम येतोय. त्याचे नाक त्याच्या आधी दोन पावले यायचे. कुणाला घटकाभर बाहेर जायचे असले की शेजारीण छातीवर तळवा ठेवून मग बोट जमिनीकडे करायची : मी आहे इथे, जा तू.

आणि नियम एकच. पाठीमागून कुणाला हाक नाही, हात लावणे नाही. दचकलेली बाई मागात हात घालून बसते. वळसा घालून समोर जायचे, तिची नजर वर येईपर्यंत थांबायचे, मग बोलायचे.

आईने हा नियम कधी मोडला नव्हता. कारखान्यात.

खूण : मूठ. शनिवार.

आई चष्मा घरी विसरली. चिमणी तो घेऊन कारखान्यात आली, तेव्हा आई एका नव्या मुलीच्या मागाकडे निघाली होती. कापडात चार हात लांब दोष उतरला होता. आई वळसा घालून मुलीसमोर गेली. थांबली. मुलीची नजर वर आली तशी आईने मूठ दाखवली, माग थांबला. मग दोष दाखवला, धागा जोडून दाखवला. मुलगी रडवेली झाली तेव्हा आईने नाकावर बोट ठेवून असा काही चेहरा केला की पोर खुदकन हसली.

मग त्या मुलीनेच आईला दाराकडे खुणावले. दारात चिमणी. कानांवर हात, डोळे मोठे.

कारखाना सुटल्यावर दोघी चालत निघाल्या. चिमणीने एकेक खूण विचारून घेतली. मग म्हणाली, "मी दारातून तीन हाका मारल्या तुला."

"कळलंच नाही गं."

"तिची चूक मोठी होती?"

"मोठी म्हणजे? चार हात कापड वाया!"

"मग ओरडली नाहीस ती तिच्यावर?"

"ओरडून ऐकू गेलं असतं का तिथे?"

चिमणी चालता चालता आईकडे वळली. "घरी तरी कुठे जातं?"

खूण : पंजा, हळूहळू खाली

त्या संध्याकाळी ताटे वाढून झाली. चिमणी वहीवर होती, पाठ तशीच. शेजारी भरलेली पिशवी. आईने हाकेसाठी छाती भरून श्वास घेतला आणि तसाच सोडला.

शेगडी बंद केली. टेबलाला वळसा घातला. चिमणीच्या समोर येऊन उभी राहिली.

पेन चालत होते. एक ओळ. अजून एक. आईचे पाय दिवसभराचे दुखत होते.

चिमणीने मान वर केली.

"जाऊ नकोस म्हणायचं होतं परवा!"

चिमणी दचकली. पण कान झाकायला निघालेला हात मध्येच थांबला, उघडला आणि खाली आला. थोडासा.

"जाऊ नकोस, म्हणायचं होतं."

अजून खाली.

"जाऊ नकोस, म्हणायचं होतं."

अजून.

"जाऊ नकोस."

हात थांबला.

मागांच्या धडधडीत एकवीस वर्षे काढलेल्या आईच्या कानांना या पातळीवरचा स्वतःचा आवाज ऐकूच आला नाही. ओठ हलले एवढेच तिला कळले. शब्द बाहेर पडले की नाही, ते पोरीच्या चेहऱ्यावरूनच पाहायचे.

चिमणीही काहीतरी म्हणाली. आई पुढे झुकली. "काय?"

चिमणी पुन्हा बोलली नाही. तिने छातीवर तळवा ठेवला, मग बोट जमिनीकडे केले.