पाठमोरी

बावीस वर्षं मी पडले. जिन्यावरून, गच्चीवरून, घोड्यावरून, एकदा तर चालत्या ट्रकवरून. युनिटमध्ये मला मांजर म्हणायचे. डोंबलाचं मांजर! मांजर पायांवर पडतं, मी डाव्या खांद्यावर. कपडे हिरोइनचे, विग हिरोइनचा आणि नियम एकच: कॅमेऱ्याला तोंड दिसता कामा नये. दिसलं की शॉट वाया, चढा परत वर.

त्यामुळे जगाला मी कधी दिसलेच नाही. आई सोडून. थिएटरमध्ये ती माझं मनगट दाबायची, "ही तू." शॉट जेमतेम एका सेकंदाचा, पण बाई एकदाही चुकली नाही. "पोटच्या पोरीची पाठ ओळखायला काय चष्मा लागतो?" म्हणायची. खोटं कशाला बोलू, त्या दोन शब्दांसाठीच मी एवढी हाडं मोडून घेतली.

गुडघ्यानं हात टेकले तेव्हा कंपनीनं शेवटचं काम दिलं. गोल खोली, भिंतभर कॅमेरे, मधे मी. सगळ्या बाजूंनी माझं शरीर टिपून घ्यायचं, पुढचं पडणं कॉम्प्युटर बघून घेणार. "मॅडम, इकडे बघा," ऑपरेटर म्हणाला. बघायला गेले आणि मान आपोआप फिरली. दुसऱ्या कॅमेऱ्याला तेच, तिसऱ्याला तेच. चहूकडे कॅमेरे, तरी माझं तोंड लपायला जागा शोधत होतं. शेवटी त्यानंच हात जोडले. "राहू द्या. चेहरा नाहीतरी हिरोइनचाच लावायचाय."

त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्या काळात आईचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. आधी भाजीत दोनदा मीठ, मग गल्ली चुकणं, मग माझं नाव. आता मी तिची "अहो बाई" आहे. अंघोळ घालणारी, गोळ्या देणारी बाई. "तुमची घरी कोणी वाट बघत नाही का हो?" असं मलाच विचारते.

पण टीव्हीवर सिनेमा लागला की सावरून बसते. परवा दुपारी तसंच झालं. सिनेमा नवा, मी नावही ऐकलं नव्हतं. एक पाठमोरी बाई पुलाच्या कठड्यावरून खाली गेली आणि आईनं टाळी वाजवली. "ही माझी पोर!"

डावा खांदा आधी, उजवा हात पोटाशी. पडणं माझंच होतं. जुन्या सिनेमांतून उचललं असेल म्हणा. पण पडायच्या आधी मी मुठीआड करंगळीला अंगठा लावते. ते कुणाला सांगितलं नव्हतं, कुठल्या शॉटमध्ये दिसलंही नव्हतं. हीसुद्धा लावत होती.

"दमली हो पोर माझी," आईचे डोळे भरून आले. "पडतेय, पडतेय, घरी काही येत नाही."

माझं टाळकंच सटकलं. "अगं आई, मी आहे! मी!" ओरडले, तशी ती घाबरून भिंतीकडे सरकली. आता हिला पटवू तरी कसं? दोन्ही गाद्या ओढून जमिनीवर टाकल्या आणि टेबलावर चढले. पन्नाशीची बाई, गुडघ्यात स्क्रू. पण तिला ओळख पटवायला माझ्याकडे दुसरं होतंच काय? तिच्याकडे पाठ केली, श्वास सोडला आणि गेले.

डाव्या खांद्यावर, अगदी साफ. गुडघ्यातली कळ मस्तकात गेली. पडल्या पडल्याच विचारलं, "आता सांग, कोण मी?"

आईनं वाकून मला नीट न्याहाळलं. मग परक्याची समजूत घालावी तशी मायेनं म्हणाली, "छान पडता हो तुम्ही. पण तुम्ही ती नाही. माझी मुलगी पडताना वळून माझ्याकडे बघते."