तिची कवळी

"बाबा, ही लावा. त्या वाटीतली नको," मुलगी म्हणाली आणि पर्समधून एक डबी काढून तिनं कॉटच्या कडेला ठेवली.

कॉटवर तिची आई होती. सकाळी सातला श्वास थांबला होता. ऑक्सिजन लावताना सिस्टरनी काढलेली कवळी उशाजवळच्या टेबलावर, प्लास्टिकच्या वाटीत, पाण्यात पडून होती. कवळी नसल्यामुळे ओठ आत गेले होते, गाल बसले होते.

"जी लावायची ती लवकर लावा काका," सिस्टर म्हणाल्या. "थोड्या वेळानं जबडा आवळत जातो. मग बसत नाही."

हे कवळीवाल्यांना सांगायची गरज नव्हती. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्यांनी एकेचाळीस वर्षं कवळ्या केल्या होत्या. पुढं पेशंट डॉक्टरांचे आभार मानत, तेव्हा मागं हे प्लास्टरच्या धुळीत पांढरेफटक होऊन बसलेले असत. त्याचं त्यांना काही वाटत नसे. आपल्या हाताची मात्र त्यांना चांगलीच घमेंड होती.

डबीतली कवळी त्यांचीच आणि वाटीतलीही त्यांचीच. फरक एका दाताचा. डबीतल्या कवळीत वरचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता, बायकोचा खरा दात होता अगदी तसा. वाटीतल्या कवळीचे सगळे दात सरळ.

"कपाटात सापडली मला," मुलगी म्हणाली. "लहानपणापासून जी आई बघितली, ती एकदा बघायचीय. या सरळ दातांत ती मला माझी वाटलीच नाही कधी."

त्यांनी डबी उघडली. इतकं चांगलं काम त्यांच्या हातून पुन्हा झालं नव्हतं.

लग्नाआधी बायको बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर होती. तोंडावर हात धरून बोलायची, त्यामुळे बसची वेळसुद्धा गुपित सांगितल्यासारखी वाटायची. दातांच्या माणसापासून दात लपतो थोडाच? तिसऱ्या भेटीत यांनी सांगून टाकलं, "हात काढा हो. मला आवडतो तो दात." ती लाजली, आणि आपण गड जिंकला असं यांना वाटलं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी यांची एक कवळी बिघडली. एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या हिरड्या सोलून निघाल्या. यांनी खापर डॉक्टरांच्या मापावर फोडलं. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "माप चुकलं होतं, की तुम्ही घाई केलीत?" यांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ती यांना घेऊन त्या बाईंच्या घरी गेली आणि यांच्या तोंडून चूक कबूल होईपर्यंत शेजारी बसून राहिली. त्या दिवसापासून ते बायकोला थोडे घाबरू लागले आणि तिच्यावर जीव टाकू लागले. हिच्यात काय पाहिलंस, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "मी माणूस आतून बघतो." वर चारचौघांत त्या दाताचं कौतुक ठरलेलं. सगळे हसत. तीही हसे, तोंडावर हात धरून. यांना वाटे, लाजते.

साठीनंतर तिच्या हिरड्यांनी दगा दिला. सगळे दात काढावे लागले. यांनी तिचा जुना फोटो समोर ठेवून अकरा दिवस काम केलं. तो एक दात मेणात तीनदा लावला, तीनदा काढला. कवळी बसवून हातात आरसा दिला. तिनं बराच वेळ बघितलं. मग कवळी काढून पाण्यात ठेवली.

"छान झालीय," म्हणाली. आणि चार दिवस नुसतं मऊ मऊ खात राहिली.

पाचव्या दिवशी यांचा धीर सुटला. "टोचते का? कुठं ते सांग, घासून देतो."

"टोचत नाही."

"मग घालत का नाहीस?"

"साऱ्या जगाला सरळ दात दिलेत तुम्ही. मलाच वाकडा का?"

"अगं, मला आवडतो म्हणून! किती वेळा सांगितलंय तुला?"

"तुम्हाला आवडतो ते पाठ झालंय माझं. मला आवडतो का, हे एकदा तरी विचारलंत?"

मग तिनं आवाज न चढवता सांगितलं. शाळेच्या फोटोत तिच्याशेजारी उभं राहायला मुली तयार नसायच्या. पाहुणे आले की तिची आईच चिमटा काढायची, तोंड मिट म्हणून.

"हे आधी नाही का बोलायचं?"

"इतक्या हौसेनं सांगायचात लोकांना. माझ्याच्यानं तुमचं मन मोडवेना. म्हटलं, एवढं घालू पोटात."

ते शरमेनं अर्धे झाले. माणूस आतून बघतो म्हणून जन्मभर मिरवलं, आणि घरातल्या माणसाच्या पोटातलं हे एवढं कळलं नव्हतं. तिनं मात्र ते चाळीस वर्षं जपलं होतं, तेही यांना वाईट वाटू नये म्हणून.

सरळ दातांची कवळी तीन दिवसांत झाली. ती लावून तिनं विचारलं, "कशी दिसते?"

तिच्याशी खोटं बोलायची सवय यांना उरली नव्हती. "दुसरीच कुणीतरी वाटतेस."

"वाटू दे," ती म्हणाली आणि खळखळून हसली. दोन्ही हात मांडीवर होते. पुढची तीन वर्षं ती तशीच हसली. वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई विचारायच्या, एवढं काय चाललेलं असतं हो तुमच्याकडे? यांना मात्र जुना चेहरा आठवून कधीकधी गलबलून यायचं. मग ती घरात नसताना ते कपाटातली डबी उघडून बघत.

"बाबा, खरं सांगा," मुलगी म्हणाली. "तुम्हालाही हीच आवडते ना?"

"हो. हीच आवडते." त्यांनी डबी मिटून तिच्या हातात दिली. "पण ही मी माझ्यासाठी केली होती गं. तुला हवी तर ठेव."

"आणि ती?"

"ती तिनं मागून घेतली. आयुष्यात एवढं एकच मागितलं तिनं माझ्याकडे."

मुलगी हुंदके देऊ लागली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण निर्णय बदलला नाही. ती थोडी शांत झाल्यावर ते सिस्टरांकडे वळले.

"थोडं कोमट पाणी मिळेल का?"

"धुतलेली आहे काका, मी स्वतः धुतलीय."

"ते ठीक आहे हो. पण अशीच लावली की गार लागते."

सिस्टरनी थर्मास आणून दिला. कवळीवाल्यांनी वाटीतलं पाणी बदललं, बोट बुडवून बघितलं आणि कवळीला ऊब येईपर्यंत ते बायकोच्या उशाशी थांबून राहिले.