निवृत्तीरावांचा मुतखडा

खोळ बदलायला गोजरबाईनं गादी उचलली, तर खाली कॅप्सुली चेपून पडलेल्या. रोज जेवणानंतर नवऱ्याच्या तळहातावर तिनंच ठेवलेल्या.

"हे काय व्हय?"

निवृत्तीरावांनी मोबाइलवरून नजर काढली नाही. वडनेर भोलजीत त्यांच्या शब्दाला मान होता, आणि ते शब्द जपून वापरत नसत.

"शेजारचा रामराव म्हने, हे म्हाताऱ्याईचं औषध आहे. लघवी अडते त्याईचं. मी काय म्हातारा झालो?"

"मशीननं खडा फोडला. चुरा पडाले नळी सैल पायजे, म्हनून देल्लं ते."

"डॉक्टरले काय कळते वं? खडा माह्या पोटात आहे का त्याच्या?"

गोजरबाईनं कॅप्सुली झाडून केरात टाकल्या. मशीनखाली झोपताना पोराचा हात न सोडणारा माणूस तो हाच. चुरा पकडायला दिलेल्या गाळणीकडे त्यानं ढुंकून पाहिलं नव्हतं. लघवी गाळायचं कामही बायकोचंच.

दुपारी कळ उठली. निवृत्तीराव खाटेवरून जमिनीवर आले, पोटाशी गुडघे घेऊन लोळू लागले, मेलेल्या आईला हाका मारू लागले. गल्ली जमली. पोरानं, हर्षलनं, गाडी काढली. खामगाव येईपर्यंत त्यांचं "मेलो बे, मेलो!" चालूच होतं. गोजरबाई खिडकीबाहेर पाहत राहिली.

इंजेक्शननं ओरडणं थांबलं.

"चुरा नळीत अडकलाय. कॅप्सूल घेत होता ना?" डॉक्टरनं विचारलं.

"रोज," निवृत्तीराव म्हणाले.

"गादीखाली," गोजरबाई म्हणाली.

डॉक्टरनं हसू दाबलं. "कळ कुठून कुठं जाते?"

निवृत्तीरावांना नीट सांगता येईना.

"पाठीतून निंघते," गोजरबाई म्हणाली. "कुशीतून खाली जांघीत उतरते. बसवत नाही, उभं राहवत नाही. उलटी होते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मले खडा झालता. हर्षल बालवाडीत होता तवा. कपाशी वेचता वेचता पडला आपोआप."

निवृत्तीरावांनी मान वळवली. "मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं. तुमी म्हनले, वायू असन, ओवा खाय. पाहुने येऊन राह्यले, सैपाकाले लाग."

वाटसरूला रस्ता सांगावा तशा आवाजात तिनं सांगितलं. हर्षल गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला.

संध्याकाळी घरी जेवण झाल्यावर निवृत्तीरावांनी स्वतः पाणी घेतलं आणि कॅप्सूल गिळली. काही वेळानं उठायला गेले, तर तोल गेला; भिंत धरली.

"गोजर..."

"बसून घ्या. त्या गोळीनं चक्कर येते, डॉक्टरनं सांगतलं ना," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. उठली नाही. तिचं ताट आत्ताच वाढून झालं होतं.

मग बाहेर खाट करकरली. थांबली. पुन्हा करकरली, जोरात. गोजरबाईनं भाकरी मोडता मोडता कान दिला. ओरडणं आलं नाही. दाताखाली कापड धरल्यासारखा नुसता घुसमटलेला श्वास आला.

तिचा हात ताटात थांबला.

मग तिनं घास तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिली.