कोरड्यातली चाचणी

"कोरड्यात टिकलं म्हणजे टिकलंच, असं नसतं गं," ताई म्हणाली होती. मी बाळाच्या बाटल्या उकळत होते; हसण्यावारी नेलं. "तुझं कारखानापुराण माझ्या स्वयंपाकघरात नको, ताई."

ताई सिरॅमिकच्या दांड्या मोडायची. कारखान्याच्या चाचणी विभागात तेच तिचं काम. पंपात बसणाऱ्या, पोलादालाही हार न जाणाऱ्या दांड्या. दोन आधारांवर दांडी ठेवायची, मध्ये वजन टांगायचं. कोरड्या हवेत ती दिवसचे दिवस तग धरते. पाण्यात ठेवली की ओल केसाएवढ्या चिरेच्या टोकाशी शिरते आणि चीर आतल्या आत सरकत राहते. मग वजन तसूभरही न वाढवता दांडी फुटते, गोळी सुटल्यासारखी. ताईच्या हनुवटीवर एक व्रण होता. "हा दांडीचा. अंगावरचे बाकीचे आमच्या दांडगेश्वरांचे," असं नवऱ्याबद्दल हसत सांगायची.

माझ्याकडे आली की बाळाला पायांवर झुलवायची, खळखळून हसायची. बाळावर बसलेला डासही माझ्या नजरेतून सुटत नाही. तशीच मी तिलाही निरखायचे आणि मनाशी म्हणायचे, धीराची आहे. तिच्या घरी जाणं मात्र टाळायचे. तिथला आरडाओरडा बाळासमोर नको.

एकदा ती डबा विसरून गेली, म्हणून दुपारी बाळाला कडेवर घेऊन द्यायला गेले. दार उघडंच होतं. ताई इस्त्री करत होती, भाऊजी टीव्हीपुढे.

"टॉवेल दे," ते म्हणाले. साध्या आवाजात. याच माणसाने तिचे दोन दात पाडले होते, दारात बोटं चिरडली होती. त्या दिवशी नुसता टॉवेल मागितला.

ताईने तापलेली इस्त्री त्यांच्या तोंडावर हाणली. परत हाणली. जबडा मोडल्याचा आवाज आला, मग कातडी जळल्याचा वास. बाळाचं तोंड छातीशी दाबून मी ओरडले, "ताई, अगं मरतील ते."

"मग?" ती म्हणाली. धापसुद्धा लागली नव्हती तिला.

भाऊजी वाचले, एका डोळ्यानिशी. ताई कोठडीत आहे. पोलीसबाईंनी मला विचारलं, "त्या दिवशी असं विशेष काय झालं?"

"काहीच नाही. वजन रोजचंच होतं."

त्यांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी तिला कायम माझ्याच घरात, कोरड्यात पाहिलं, हे त्यांना कसं सांगणार?

तुमच्याकडेही कुणी बहीण, कुणी नणंद हसून जात असेल. फोन करू नका, 'मजेत' म्हणेल. न कळवता तिच्या घरी जा. नवरा घरात असताना जा, आणि चहा होईपर्यंत बसा.