चोवीसमधला वाकडा चार

मी एक जुना बंपर आहे. रोबोटच्या पोटाभोवती बांधतात ना, धडका खायला, तोच. शाळेच्या रोबोट टीममधल्या नव्या मित्रांनो, माझी कहाणी ऐकून हळहळायची काही गरज नाही. हातातली ती छोटी कात्री मात्र आधी खाली ठेवा. माझ्या अंगावरचे आकडे उसवायचे, तिथे नवे सरळ आकडे लावायचे आणि मला काचेच्या कपाटात बसवायचं, असं तुमचं ठरलंय. सकाळपासून सगळं ऐकतो आहे मी. माझं म्हणणं ऐकायच्या आधी एक टाका जरी तोडलात, तर याद राखा.

माझा जन्म शाळेच्या याच कार्यशाळेत झाला. प्लायवूडची एक फळी, तिच्यावर पोहायला शिकणारी मुलं धरतात तसल्या फोमच्या दोन नळ्या आणि वरून ताणलेलं जाड लाल कापड. एवढाच मी. मोटार नाही, तारा नाहीत, डोकं तर नाहीच. म्हणून टीममध्ये कुणालाच माझं काम नको होतं. ते टाचणीच्या गळ्यात पडलं.

टाचणी म्हणजे टीममधली सगळ्यात काटकुळी मुलगी. तिची आई सोफे शिवायची. घरी आईला मदत करून तशीच शाळेत यायची, त्यामुळे तिच्या बाहीला कायम दोन-चार टाचण्या टोचलेल्या असत. त्यावरूनच तिला हे नाव पडलं. तिला खरं तर रोबोटवर काम करायचं होतं. पण टीमचा कॅप्टन म्हणाला होता, "आधी बंपर स्पर्धेच्या तपासणीत पास करून दाखव, मग बघू."

आमचा क्रमांक चार आकडी. शेवटी चोवीस, म्हणून सगळे आम्हाला चोवीसवाले म्हणत. स्पर्धेचा नियम असा, की क्रमांक बंपरवर ठळक पांढऱ्या आकड्यांत हवा, प्रत्येक आकडा चार इंच उंच हवा आणि लांबून वाचता आला पाहिजे. टाचणी म्हणाली, "आधी कापड ताणून बसवू, मग आकडे लावू. आई सोफ्यावरची फुलं अशीच लावते."

कॅप्टन मुलगा भला, पण भारी घाईचा. "सोफा आहे का हा? कापड टेबलावर सपाट आहे तोवरच इस्त्री फिरवून चिकटवून टाकू. पाच मिनिटांचं काम!"

सगळे हसले. मला मात्र तेव्हाच राग आला होता. पण बंपरला कोण विचारतो?

पाच मिनिटांत काम झालंही. मग कापड फोमवर ओढलं, कडा फळीमागे स्टेपलगनने ठोकल्या आणि माझे आकडे गुडघ्यापासून खाली गायब झाले. दोनाची खालची रेघ फळीमागे, चाराचा पाय फळीमागे. गंमत म्हणजे कुणाच्या लक्षातच आलं नाही. आपला क्रमांक प्रत्येकाला पाठ. अर्धा दिसला तरी डोकं तो पुरा वाचून मोकळं होतं.

प्रकरण अंगाशी आलं ते स्पर्धेच्या सकाळी. तपासणीला एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्या माझ्यापासून पाच पावलं मागे गेल्या, डोळे बारीक केले आणि टेप काढून माझी मापं घेतली. "हा कुठला नंबर? मला तर वाचता येत नाही. पावणेअकरापर्यंत नीट करून आणा, नाहीतर रोबोट मैदानात जाणार नाही." तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती.

कॅप्टनचा चेहरा पांढराफटक पडला. "पांढरी टेप लावू या."

"पहिल्या धडकेत सुटेल," टाचणी म्हणाली. "मी शिवते."

"कापड तर फळीला ठोकलंय! मागून सुई घालणार कशी?"

तिने डब्यातून एक सुई काढली. चंद्रकोरीसारखी वाकडी. सोफ्याचं कापड जागेवर असतानाच शिवायची ती तिच्या आईची सुई. "ही पुढून आत जाते आणि पुढूनच बाहेर येते. तू आकडे काप. आणि बोलू नकोस, बोलत राहिलास तर नाही होणार."

कॅप्टन बोलला नाही. अवजारांची पांढरी कॅनव्हासची पिशवी त्याने रिकामी केली आणि तिच्यातून आकडे कापायला घेतले. टाचणीने जुने आकडे नखांनी सोलून काढले आणि नवे वर सरकवून, मोठमोठे टाके घालत जागेवर बसवले. दोनदा तिच्या बोटातून रक्त आलं. मला सुई टोचत होती, पण खरं सांगू? त्या दिवसाआधी इतका वेळ कुणी माझ्याकडे बघितलंच नव्हतं. शेवटचा चार लावायला घेतला तेव्हा दहाच मिनिटं उरली होती; घाईत तो जरा कलला.

पावणेअकराला बाई आल्या. पाच पावलं मागे गेल्या. मग पुढे येऊन त्यांनी चाराची कड नखाने ओढून पाहिली. टाका हलला नाही.

"हा वाकडा आहे," बाई म्हणाल्या.

टाचणीने मान वर केली. "वाचता येतो ना?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसून सही केली.

आम्ही जिंकलो नाही, सातवे आलो. पण त्या दिवशी इतर टीमचे चिकटवलेले आकडे मैदानात पाचोळ्यासारखे पडत होते आणि माझे जागच्या जागी होते. दोन सामन्यांच्या मध्ये टाचणीने बारीक टाके घालून मोठे टाके पक्के केले. दुसऱ्या दिवशी कॅप्टनने रोबोटचा पाना तिच्या हातात दिला. तीन वर्षं मी धडका खाल्ल्या. चौथ्या वर्षी टाचणी शाळा सोडून गेली, तुमचे मशीनवर कापलेले गुळगुळीत आकडे आले आणि मी दाराला अडसर झालो. माझ्यावर पाय देऊन लोक माळ्यावरचं सामान काढायचे. मी हूं की चूं केलं नाही. धडकेची सवय असलेल्याला पायाचं काय!

पण हे कपाट मला नको. आणि माझा चार सरळ करायची तर गोष्टच काढू नका. त्या कलण्यात दहा मिनिटं शिल्लक असताना हार न मानलेली एक मुलगी आहे. ती उसवून तुम्ही काचेआड काय ठेवणार? लाल कापड?

काळजीच घ्यायची असेल तर सांगतो कशी घ्यायची. आठवड्यातून एकदा माझ्या आकड्यांच्या कडेवरून बोट फिरवा. जिथे धागा सैल लागेल तिथे एक टाका घाला. वाकडी सुई टेबलाच्या दुसऱ्या कप्प्यात आहे, टाचणी जाताना ठेवून गेली आहे. ओला झालो तर वाळवा. आणि मला सरावाच्या रोबोटवर बांधा. फळी अजून शाबूत आहे, फोम अजून उसळतो.

तरी शंका असेल, तर कात्री टेबलावर ठेवा आणि पाच पावलं मागे जा. हं, अजून एक. आता बघा माझ्याकडे.

वाचता येतो ना?